चपलांचा हिशोब

घे ही शिट्टी, मुक्ता.
पितळेची आहे, दाताला गार लागते.
माझा डावा कान तांबं ठोकण्यात गेला,
उजव्याला ढोल पुरतो.
म्हणून रहाडीच्या काठावर
मी ऐकायला कधी उभा राहिलो नाही,
मोजायला राहिलो.

वर्षभर याच फळ्यांवरून जातो आपण.
वर भाजीवाली बसते, स्कूटर लागते,
खाली दोन पुरुष खोल काही आहे
हे आळीच्या ध्यानात राहत नाही.
मग रंगपंचमी येते.
फळ्या निघतात, माती उपसतात,
कढईत फुलं उकळतात, पूजा होते,
आणि उन्हं कलली की अख्खं नाशिक
या एका बोळातून आत यायला बघतं.

रंगाचं भय नाही. बोळाचं आहे.
पुढच्याला दिसतो काठ.
मागच्याला दिसतो पुढच्याचा सदरा.
रेटा कोणाचाच नसतो गं,
ज्याला विचारशील तो म्हणेल,
मला मागून आला.

गोदेला पूर आला की
पोरसुद्धा सांगतं, दुतोंड्या मारुतीच्या
गुडघ्याला पाणी लागलं की छातीला.
रहाडीत किती उतरले,
हे सांगायला कुठला मारुती?
म्हणून मी.

त्या वर्षी धप्पा मारायला सात जण उतरले.
वर आले सहा.
सगळे केशरी, डोळे तेवढे पांढरे.
गायधनींचा मिहिर कोण, म्हणून ओरडलो,
तर तिघांनी हात वर केले,
हसत.
शिट्टी फुंकली. ढोलवाल्याला वाटलं
मी ताल धरतोय.
त्याने टिपरी आणखी जोरात हाणली.

काठावर एक निळी चप्पल होती,
अंगठा तारेने बांधलेली.
मिहिरची नव्हती, हे नंतर कळलं.
तेव्हा फक्त एवढं कळलं
की चप्पल इथे आहे आणि पाय इथे नाही.
उडी मारली.

आत काही दिसत नाही, मुक्ता.
डोळे उघडले तरी केशरीच,
मिटले तरी केशरीच.
पायाने चाचपलं. भिंत. भिंत. मग घोटा.

वर काढला तो मिहिर नव्हता.
मिहिर कधीचा मागच्या बाजूने चढून
गच्चीत शेव खात बसला होता.
हा माझ्या सातात नव्हताच.
बोळातल्या रेट्याने आत पडलेलं
तेरा-चौदा वर्षांचं पोर,
त्याने उडी मारली नव्हती,
त्याला पोहता येत नव्हतं,
आणि तो आत गेल्याचं
कोणीच पाहिलं नव्हतं. मी सुद्धा.
तो खोकला, रंग ओकला,
कुठला रे, विचारलं तर म्हणाला, सातपूर.
नाव सांगायच्या आत गर्दीत गेला.
चप्पल न घेता.

दुसऱ्या वर्षीपासून बोळाच्या तोंडाशी दोर.
आत यायची वाट एक, बाहेर जायची दुसरी.
आधी आतले बाहेर, मग बाहेरचे आत.
ढोलवाल्याशी सकाळीच बोलायचं:
माझा हात वर गेला की टिपरी खाली.
मंडळाची पोरं म्हणतील, काका, मजा जाते.
जाऊ दे.
हातात मूल असलेल्या बाईला
दोराच्या अलीकडेच थांबव,
ती रागावेल, तरी थांबव.
आणि कोणी घसरून पडलं
तर त्याला उचलायला धावू नकोस आधी,
आधी मागे वळ,
दोन्ही हात पसर, मागच्यांना अडव.
हे मला फार उशिरा उमगलं.

उतरलेले मोज.
न उतरलेले, पण काठाशी असलेले,
तेही मोज.

रात्री फळ्या टाकायची घाई करतील.
माणसं दमलेली असतात, घरी वाट बघत असतात.
तू आधी चपला बघ.
बहुतेक जोड कोणीतरी येऊन नेतं,
एखादा उरतोच.
तो उरला म्हणजे काहीतरी झालं असं नाही.
नाही झालं, असंही नाही.
मी अशा वेळी काठावर बसून राहायचो,
बायको डबा पाठवायची.

ती निळी चप्पल अजून माझ्या दुकानात आहे,
भात्याच्या मागे, खिळ्याला.
नेणार असशील तर ने,
नाहीतर राहू दे.

शिट्टी धुऊन घे बाई,
माझ्या तोंडातली आहे.